पडीक रानातली ओळ

तर रानाची पाहणी करायला आलेले सरकारी साहेब पंपाच्या खोलीमागे वळले आणि जागीच थबकले. मागून येणारे नांगरबुवाही थांबले. बुवा नांगराने असा सरळ तास काढायचे, की शाळेतली पट्टीही लाजावी. नाव पडलं ते त्यावरूनच. पण जमीन थकली होती, आणि ती पडीक ठेवण्याबद्दल सरकार अनुदान देत होतं. अट एकच, काही पेरायचं नाही. बुवांनी बैल विकले, नांगर भिंतीला टेकवला.

"आता लोळा की खुशाल! न पिकवण्याचे पैसे मिळणारा जावई आमच्याच नशिबी," असं मेहुणे चिडवायचे. बुवा हसायचे आणि सकाळ झाली की रिकाम्या रानात जाऊन उभे राहायचे.

आता साहेबांसमोर भुईमुगाची एकच ओळ होती, दोरी धरल्यासारखी सरळ. बुवांच्या बायकोने कपाळाला हात लावला. तिचं औषधपाणी त्याच पैशांवर चाललं होतं.

"ओळभर शेंगांपायी वर्षाचं अनुदान घालवलंत की हो काका!" साहेब कळवळले. "बसल्या जागी पैसे येत होते, मग पेरलंत कशाला?"

बुवांनी वाकून ओळीतलं एक तण उपटलं.

"पैसे येत होते, साहेब. पण सकाळी उठून मी जायचं कुठे?"