सुट्टीच्या दिवशी न गळणारी गाडी

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला होता आणि त्याचा शर्ट मला धुवून द्यावा लागला.

तर मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला. बावीस वर्षं. माल रिजेक्ट झाला की दोष कोणाचा ते शोधायचं, हे माझं काम. त्याची आमच्याकडे एक पद्धत आहे, व्हाय-व्हाय. एकदा 'का' विचारायचं, उत्तर आलं की पुन्हा 'का', असं पाच वेळा. पाचव्या 'का'ला मूळ कारण हाती लागतं. फॉर्मच्या तळाशी चार चौकोन असतात: मॅन, मशीन, मटेरियल, मेथड. मी आजवर डोळे मिटून 'मॅन'वर टिक करत आलोय. मशीनवर केली तर मेंटेनन्सवाले भांडायला येतात, मटेरियलवर केली तर परचेसवाले. मॅन बिचारा लाइनवर उभा असतो, तो कुठे जाणार?

आमच्या लाइनवरचा मॅन म्हणजे दत्ता. निघोज्याचा. माझ्या टिका खाऊन खाऊन त्याची कातडी गेंड्याची झालीय.

आणि माझी गाडी. अठरा वर्षांची, ऑटोमॅटिक. क्लच नाही, आता रंगही फारसा नाही. पण मी तिच्यावर जीव टाकतो. बायकोनं मात्र बजावलं होतं, "अहो, आता हिचं एक जरी काम निघालं ना, तर ही भंगारात आणि तुम्ही कंपनीच्या बसमध्ये."

एका सोमवारी दुपारी दत्ता माझ्या टेबलाशी आला.

"साहेब, तुमची गाडी मुतल्या."

पार्किंगमध्ये जाऊन पाहिलं. गाडीखाली बशीएवढं थारोळं. रंग गुलाबी, दुधाळ. कंपनीतलं एक मांजर ते मन लावून चाटत होतं.

मी आधी मांजराला हाकललं. इंजिन थंड ठेवणारं कूलंट विषारी असतं, एवढं मला कळतं. मग मोशीच्या सलीमचाचांना फोन लावला. चाचा म्हणजे आमच्या गाडीचे फॅमिली डॉक्टर.

"चाचा, गाडी गुलाबी गळतेय."

"गुलाबी? दुधासारखं?"

"हो."

चाचांचा आवाज एकदम खाली आला. रिपोर्ट बघून चष्मा काढताना डॉक्टरांचा येतो ना, तसा.

"ऐका साहेब. ऑटोमॅटिकचं गिअरचं तेल असतं लाल. ते थंड करायची नळी रेडिएटरच्या पोटातून जाते. ती आतल्या आत फुटली की तेल आणि कूलंट एक होतात, असाच मिल्कशेक बनतो. मग गिअरबॉक्स गेला समजा. अठरा वर्षांच्या गाडीला नवा गिअरबॉक्स... काय बोलू आता. गुरुवारी घेऊन या."

गुरुवार आमच्या सुट्टीचा. हातात तीन दिवस होते. मी फॉर्म काढला.

गाडी का गळते? नळी फुटली. नळी का फुटली? गंजली. तिसऱ्या 'का'साठी बॉनेट उघडलं. दत्तानं आत डोकावून पाहिलं.

"साहेब, कूलंट तर बराबर लायनीवर हाय. एक थेंब कमी न्हाई."

"तेच तर. जेवढं गळतंय तेवढं तेल आत शिरून जागा भरतंय."

"अन् मग तेल कमी दिसाया पायजे."

मी गिअरच्या तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल लालभडक, पातळी बरोबर.

"त्यात कूलंट शिरतंय," मी म्हणालो.

"व्हय का," दत्ता म्हणाला. त्याचं ते 'व्हय का' मला तेव्हाच टोचायला हवं होतं.

जाता-येता मी गाडी सायकलच्या वेगानं चालवली. इंजिनाची उष्णता कमी व्हावी म्हणून भर मे महिन्यात हीटर लावला. घरी पोचायचो तेव्हा मी इडलीसारखा फुगलेला असायचो. बायको विचारायची, "एवढा घाम? सोलकढी प्यायलात ना?" मी म्हणायचो, "हो तर. फक्कड होती." माझी बायको मालवणची. उन्हाळा लागला की डब्याबरोबर सोलकढीची बाटली देते, आणि संध्याकाळी हजेरी घेते.

मंगळवारी गळती. बुधवारी गळती. मी जॅमची बरणी खाली लावून नमुना घेतला. त्यात बारीक हिरवे कण तरंगत होते. मी फॉर्मवर लिहिलं: 'जुन्या कूलंटचे अवशेष.'

मांजर रोज वेळेवर हजर. मी रोज हाकलायचो, आणि मरेल म्हणून लक्ष ठेवायचो. ते दिवसेंदिवस गुबगुबीत होत चाललं होतं. मी लिहिलं: 'सूज.'

गुरुवारी सकाळी सोसायटीत गाडीखाली वाकून पाहिलं, तर कोरडं. घरी गाडी गळतच नव्हती. फक्त कंपनीत. फक्त शिफ्टला. आता कोणीही शहाणा माणूस इथे थांबला असता की नाही? मी लिहिलं: 'लोड आल्यावरच गळते.'

मोशीला बायको सोबत आली. चाचांच्या तोंडून गाडीचा निकाल स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता तिला. भंगारवाल्याचं दुकान चाचांच्या गॅरेजला लागूनच. तो आत्तापासूनच गाडीभोवती फिरून टायर दाबून बघत होता.

चाचांनी गाडी वर उचलली. बॅटरी मारून अर्धा तास पाहिलं. नळ्या चाचपल्या, रेडिएटर दाबून पाहिला.

"साहेब, लीक कुठंय? हिचं पोट तर माझ्यापेक्षा साफ आहे."

मी विजयी मुद्रेनं बरणी पुढे केली. चाचांनी झाकण उघडलं आणि नाकाशी नेलं. पुन्हा नेलं.

"गाडीत लसूण कोण टाकतं?"

बायकोनं त्यांच्या हातातून बरणी घेतली. हुंगली. बोटानं एक हिरवा कण उचलून उन्हात धरला. ती रागावली की मालवणीत जाते.

"ह्या काय आसा? ही माझी कोथिंबीर!"

आता एक गोष्ट मी तुमच्यापासूनही लपवली होती, ती सांगून टाकतो. मी सोलकढी पीत नाही. लग्नापासून नाही. लसणाचा वास घेऊन मीटिंगला कसं बसणार? बाटली मी सीटखाली आडवी सरकवतो. येताना कुठेतरी ओतून द्यावी असा बेत असतो, पण त्या आठवड्यात रोज संध्याकाळी ती जवळजवळ रिकामीच मिळायची. आणि बावीस वर्षं क्वालिटीत काढलेल्या या माणसाला काय वाटलं असेल? उन्हानं आटली.

चाचांनी सीट मागे ढकलली. खाली पत्रा गंजून रुपयाएवढं भोक पडलेलं.

"गाडी एकदम फिट आहे," चाचा म्हणाले. "पत्र्याला ठिगळ मारतो. बाटलीचं झाकण तेवढं बदला, वहिनी."

"झाकण नाही," बायको माझ्याकडे बघत म्हणाली, "बदलायचं दुसरंच काहीतरी आहे."

भंगारवाला मान हलवत परत गेला. गाडी वाचली. माझ्याबद्दल अजून निर्णय झाला नव्हता.

शुक्रवारी लाइनवर दत्ता फॉर्म घेऊन उभाच होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "वहिनींचा फोन आल्ता." मग खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. "टिक तुमीच करा साहेब. तुमचा हात बसलाय त्यावर."

केली. 'मॅन'वर.

खाली 'सुधारणा' असा रकाना असतो. तो बायकोनं फोनवरून सांगितला आणि दत्तानं सुवाच्य अक्षरात लिहिला: 'ऑपरेटरने बाटली तपासनिसासमोर संपवावी.' तेव्हापासून रोज दुपारी दीड वाजता दत्ता माझ्यासमोर येऊन बसतो, बाटली उलटी करून बघतो आणि सही करतो. मीटिंगला माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते.

आणि पार्किंगमधून जाताना ते मांजर माझ्याकडे असं बघतं, जणू मी त्याच्या ताटातलं ओढून खाल्लंय.