धुतलेल्या दाढा

रविवार, नोव्हेंबर १९८९. दिवाळी नुकतीच संपलेली. बदलापूरला बेलवलीतल्या आमच्या घरी हजर: आई, मी, धाकटा भाऊ आणि पुण्याहून आलेले भूशास्त्राचे सर. वडील अंबरनाथला कारखान्यात, रविवारची पाळी.

सर भावाचे दगड पाहायला आले होते. दगड म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या जनावरांच्या दाढा आणि खुरांची हाडं. आमच्या मावशीचं गाव गोदावरीकाठी. तिथल्या ढासळलेल्या दरडीतून भावानं चार वर्षं सुट्ट्यांमध्ये ती गोळा केली होती. आदिम बैल, घोडे, एक तुकडा पाणघोड्याचा. बैलाच्या दाढेवर चंद्रकोरी असतात, घोड्याच्या दाढेवर वेटोळी, हे मला त्यानंच शिकवलं. आई म्हणायची, "मेलेल्या जनावरांची हाडं घरात ठेवतोस!" तो म्हणायचा, "आई, दगड झालेत ते. सोवळ्यातसुद्धा चालतील."

सरांना पसंत पडलं तर उन्हाळ्यातल्या खोदकामाला ते त्याला सोबत नेणार होते. भाऊही कारखान्यातच लागला होता; ती नोकरी सोडायची त्याची तयारी होती.

दिवाळीची साफसफाई माझ्याकडे होती. भाऊ कामावर असताना मी खोक्यातल्या सगळ्या पुड्या सोडल्या, दाढा साबणाच्या पाण्यात ब्रशनं घासल्या, उन्हात वाळवल्या. उल्हासनगरच्या बाजारातून कप्प्यांचे डबे आणून त्यांत लहान-मोठ्या अशा लावल्या. प्रत्येक पुडीत एक मळकी चिठ्ठी होती. त्या सगळ्या मी एका पाकिटात जमा केल्या. काम चोख झालं असं मला वाटलं. सर येतील तेव्हाच दाखवायचं म्हणून त्याला सांगितलंही नाही.

सरांनी एक दाढ उचलली. "घोडा. सुंदर आहे. कुठल्या थरातली?"

भावानं डब्यात पाहिलं, मग माझ्याकडे. मी पाकीट पुढे केलं.

"चिठ्ठ्या वेगळ्या केल्यात?" सर म्हणाले. "अहो, खालच्या वाळूतली की वरच्या मातीतली, यावर तर सगळं ठरतं. निदान माती तरी ठेवायची. कोणी धुतल्या?"

मी तोंड उघडण्याआधीच भाऊ म्हणाला, "मीच, सर. घाण दिसत होत्या."

आईनं चहा आणला. मी कपबश्या मांडल्या.

जाताना सर सौम्यपणे म्हणाले, "खोदकामाला शिस्तीची माणसं लागतात."

दार लावून मी त्याला विचारलं, "खोटं कशाला बोललास?"

"ताई, तुझं नाव सांगून दाढांना माती परत चिकटणार होती का?" तो हसला. मग त्यानं डबे उचलून माळ्यावर ठेवले. पुन्हा मावशीकडे गेला नाही. ब्याण्णव साली कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत तो गेला. तेव्हाही तो कारखान्यातच होता.

सर आता निवृत्त आहेत. त्यांचा पत्ता मी मिळवला, एका नव्या पाकिटावर लिहिला, तिकीटही लावलं. दाढा त्यानं नाही, मी धुतल्या, एवढंच कळवायचं आहे. माझ्या कामांच्या यादीत ते दर महिन्याला पहिलं असतं. पत्र अजून लिहायचं आहे.