गरम पाणी आधी गोठतं म्हणणारे जिजाजी

जिजाजी गेल्याचं ताईनं फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "असे कसे गेले?" आणि तेही भांडायच्या सुरात. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, पलीकडे आर्वीला रडत होती आणि मी इकडे वर्ध्याला चिडून उभी. आमचं भांडण मिटलं नव्हतं... आणि हा माणूस मधूनच उठून गेला. महिना उलटून गेला, तरी माझा राग उतरलेला नाही.

भांडण कशावरून, हे सांगायचीही लाज वाटते. गरम पाणी आधी गोठतं की गार, यावरून! मी शाळेत विज्ञान शिकवलेली. जिजाजी आयुष्यभर कचेरीत कारकून. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुठेतरी वाचलं की गरम पाण्याचा बर्फ लवकर होतो, आणि झालं, मला डिवचायला त्यांना जन्माचा विषय मिळाला. "मंदे, गरम पानी आंधी जमते. मी सोता करून पाह्यलं." मी म्हणायचे, अहो, गरम पाण्याला आधी गार तर व्हावं लागेल ना? आर्वीहून निघालेली एसटी वाटेतल्या रोहण्याहून निघालेल्या एसटीच्या आधी पुलगावला कशी पोचेल? त्यावर जिजाजी शांतपणे म्हणाले, "रोहन्याची पंक्चर झाली तं?" आता अशा माणसाशी काय बोलणार!

मग त्यांनी मला आर्वीला बोलावून प्रयोगच दाखवला. ताईच्या जुन्या, एकदारी फ्रीजात एका वाटीत उकळतं पाणी, एकीत माठातलं. ताई बिचारी दुधाचं पातेलं हातात धरून उभी, कारण ठेवायला जागाच नाही. आणि खरंच, गरम पाण्याची वाटी आधी गोठली. मी म्हटलं, तुम्ही तिच्यात पाणी कमी घातलं असणार. घरी येऊन माझ्या नव्या फ्रीजात तोच प्रयोग केला, तर गार पाणी आधी गोठलं. फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "तू मास्तरीन हायेस, फ्रीजलेबी धाक देऊन राह्यली." मग काय, दिवाळी असो की कुणाचं बारसं, आमचं सुरूच. पाहुणे कंटाळून उठून जायचे.

पण माझ्या मुलीच्या साक्षगंधाच्या दिवशी त्यांनी कळस केला. भर मे महिना, वर्ध्याचं ऊन, व्याही मंडळी दुपारी यायची. पन्ह्यात घालायला बर्फ हवा म्हणून मी सकाळीच ट्रे भरून ठेवले होते. या गृहस्थांनी ते सगळे ओतून दिले आणि त्यांत गरम पाणी भरलं. का, तर लवकर होईल! व्याही आले, मी फ्रीज उघडला, आणि ट्रेमध्ये नुसतं पाणी डुचमळतंय. मंडळींनी कोमट पन्हं घोट घोट घेतलं. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "जिजाजी, तुमच्या अकलेचंही पाणीच झालंय." त्यांनी पिशवी उचलली आणि एसटी स्टँडवर गेले. नंतर ताईकडून निरोप आला, मंदा स्वतःच्या तोंडानं 'हारली' म्हणेल तेव्हाच तिच्या घरी पाय ठेवीन. मीही म्हटलं, मग बसा आर्वीला! मुलीच्या लग्नाला आले, अक्षता टाकल्या, पण घरात आले नाहीत. कार्यालयातूनच परत. मांडवात मला नुसतं विचारलं, "बर्फ बराबर जमला ना?" अस्सा राग आला होता मला.

मागच्या आठवड्यात मी ताईकडे राहायला गेले. तिचं स्वयंपाकघर आवरू म्हटलं, तर फ्रीजच्या वरच्या कप्प्यात हिमाचा हा जाड थर. तो सुटावा म्हणून मी फ्रीज बंद केला आणि उकळत्या पाण्याचं भांडं आत ठेवलं, आपण सगळ्या बायका ठेवतो तसं. थोड्या वेळानं पाहिलं, तर भांडं थर वितळवत खाली रुतलं होतं आणि थेट कप्प्याच्या पत्र्याला टेकलं होतं. हिमाचा थर म्हणजे गोधडीच की! गार पाण्याची वाटी त्या गोधडीवर नुसती बसून राहते, तिला खालची थंडी लागतच नाही. गरम वाटी गोधडी वितळवून थंड पत्र्यावर जाऊन बसते. माझ्या नव्या फ्रीजात हिम धरतच नाही. म्हणजे माझ्या घरी मी बरोबर होते, आणि या घरी जिजाजी.

"ताई, जिजाजी खोटं बोलत नव्हते गं," मी म्हणाले आणि सगळं समजावून सांगितलं.

ताई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "हे मले काऊन सांगून राह्यली? त्याइले सांगाचं होतं."

मी फ्रीज पुन्हा चालू केला. एका कोपऱ्यात थर अजून शाबूत होता, त्यावर गार पाण्याची वाटी ठेवली, शेजारी उकळत्या पाण्याची. आम्ही दोघी समोर पाट टाकून बसलो. गरम पाणी जिंकावं म्हणून मी जन्मात पहिल्यांदा वाट पाहत होते. बऱ्याच वेळानं ताईनं दार उघडलं. गरम पाण्यावर बर्फाची पापडी धरली होती. गार पाण्यात तिनं बोट घातलं, तर ते अजून पाणीच होतं.

"हारली ना?" ताई म्हणाली.

"हारले," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल असं. तिथे कुणी नव्हतं... आणि मला इतकी चीड आली त्यांची, की रडूच फुटलं.