आमच्या खोब्रागडे काकांचा गळा

रायपूरच्या आमच्या अ‍ॅनाटॉमी विभागात किस्से फॉर्मॅलिनच्या वासासारखे साठतात. कितीही झटका, कपड्यांत उरतातच. त्या दिवशी आम्ही चौघंजण एका ऑपरेशन थिएटरबाहेर बसलो होतो आणि एकामागून एक तेच निघत होते.

आत आमचे खोब्रागडे काका होते, डिसेक्शन हॉलचे जुने अटेंडंट. गळ्यात थायरॉइडची गाठ. या ग्रंथीच्या मागून दोन्ही बाजूंना आवाजाची एकेक नस जाते, दोऱ्याएवढी बारीक. तिला धक्का लागला की आवाज गेला. आणि काकांचा आवाज म्हणजे आमच्या हॉलचा लाउडस्पीकर!

*

दोरा म्हटल्यावर तो किस्सा निघणारच. छत्तीसगड राज्य नुकतंच झालं होतं. बाहेरून आलेले परीक्षक "नया राज्य है, देखते हैं" म्हणत हॉलमध्ये शिरले. मृतदेहाच्या कापून ठेवलेल्या मानेतली एक पांढरी नस चिमट्यानं उचलून ते नाव विचारत होते. पाच पोरांनी पाच नावं सांगितली. एकाला तर शाबासकीही मिळाली.

परीक्षक चहाला गेल्यावर काका माझ्याजवळ आले. "मॅडम, तो दोरा हाये. मान फाटली होती, मीच शिवली."

परीक्षकांना सांगायची हिंमत कोणाचीच झाली नाही. पाचही पोरं पास झाली.

*

आमचे साहू सर अभनपूरला मुलगी बघायला गेले होते. वर्षभर माना शिकवणारा माणूस, नजर जायची तिथेच गेली. मुलीकडच्यांना वाटलं, स्वारी सोन्याच्या हाराचा अंदाज घेतेय. परतल्यावर सरांच्या आईनं विचारलं, मुलगी कशी वाटली?

सर म्हणाले, "दोनों तरफ के मसल बराबर हैं."

लग्न झालं. थिएटरबाहेर सर, मी आणि काकांची मुलगी यांच्यासोबत डबा घेऊन बसलेल्या चौथ्या म्हणजे त्याच वहिनी, आणि हा किस्सा त्यांनीच सांगितला. सर खाली बघत होते.

*

मंत्रालय नव्या रायपुरात गेलं, तेव्हा हॉलच्या नव्या टेबलांची फाइल घेऊन मी काकांबरोबर तिकडे गेले. साहेब कान आणि खांद्याच्या मध्ये फोन दाबून बोलत होते, आमच्याकडे बघेनात. काका सरळ पुढे झाले, साहेबांच्या मानेवर बोट ठेवलं आणि हिंदीत समजावलं की हा स्नायू कानामागून निघून छातीच्या हाडापर्यंत येतो, आणि तुमचा पार आखडलाय.

साहेबांनी फोन ठेवला. दहा मिनिटं स्वतःचीच मान शिकले. फाइल त्याच दिवशी निघाली. परतीच्या बसमध्ये मला काकांचा जो अभिमान वाटला, तो माझ्या स्वतःच्या डिग्रीचाही कधी वाटला नव्हता.

*

गळ्यात गाठ आहे हे कळलं तेव्हा काकांची मुलगी नागपूरचा हट्ट धरून बसली होती. काका ऐकेनात. "राजधानी इथं झाली न? मंग गळा काहून नागपूरले नेऊ?"

बरं, सर्जन निवडला तोही देवांगन. आमचाच विद्यार्थी, पण अ‍ॅनाटॉमीत एकदा नापास झालेला, आणि तोही मानेवर! इतके मोठे डॉक्टर असताना हाच का, असं मी काकांना विचारलं.

"बाकीच्यायनं ती नस एकदा पाह्यली, मॅडम. त्यानं दोनदा पाह्यली. दुसऱ्या खेपेले मीच दाखवली."

तीन तासांनी देवांगन बाहेर आला. चेहऱ्यावरून काही कळेना. काका शुद्धीवर येऊन बोलल्याशिवाय आवाजाचं काही सांगता येत नाही, म्हणाला. मग आम्हाला आत बोलावलं. काकांच्या गळ्याला पट्टी होती, डोळे अर्धे उघडे. मुलीनं माझा हात घट्ट धरला.

देवांगन वाकला. "काका, कुछ बोलिए."

काकांनी ओठ ओले केले. आमच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. आणि पलीकडच्या खाटेवरचा पेशंट दचकून उठला.

"पहले तू बता. नस दिखी?"

देवांगननं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"दोनों दिखीं, काका."