पंप धुतलेलं पाणी

नोकरीत प्रेतं पुष्कळ पाहिली, पण एका विहिरीत ठिबकणारं पाणी अजून माझ्या कानांतून जात नाही. ऐंशीच्या दशकात मी बोरिवलीला फौजदार होतो. तिथल्या एका ख्रिस्ती गावठाणात दोन भाऊ शेजारी-शेजारी भाजी पिकवत. थोरल्याची बायको विषबाधेने दवाखान्यात वारली. विष कीटकनाशकाचं, असं डॉक्टर म्हणाले. घरच्या विहिरीलाही औषधाचा वास येत होता.

पंचनामा चालू असताना शेजारीण कुजबुजली, "धाकट्याचंच काम हे, साहेब. बांधावरून रोज भांडतात ना!"

आम्ही धाकट्याला उचललं. तो एकच सांगत राहिला, "आई गेल्यावर वहिनीनंच मला जेवू घातलं. तिला मी मारीन?" मी त्याच्या थोबाडीत दोन दिल्या. लिहायला लाज वाटते, पण दिल्या.

त्याच्याकडून काहीच निघेना. शेवटी थोरल्याला म्हटलं, "बाबा, फवारणी कशी करता ते साध्या पाण्यानं करून दाखवा."

माणूस फार जपून वागणारा. औषधाची बाटली कुलपात, तोंडाला फडकं. फवारा मारून झाल्यावर तो विहिरीपाशी आला आणि पाठीवरच्या फवारणीच्या पंपातलं उरलेलं पाणी काठावरच्या पन्हळीत ओतू लागला.

"हे काय?"

"रोजचंच, साहेब. त्या दिवशी वारा सुटला, म्हणून भरलेला पंप इथंच रिकामा केला. ओहोळात ओतलं तर लोकांची बदकं मरतात. इथनं केळीला जातं. पाणी मारलेलं औषध, त्यात कसला जोर?"

विहिरीत वाकलेला हवालदार म्हणाला, "साहेब, आत ठिबकतंय."

पन्हळ तडकली होती, आणि उन्हाळ्याने विहीर तळाला गेली होती. त्या दिवशी त्यानंतर तिचं पाणी प्यायली ती एकटी त्याची बायको. थोरला स्वतः वाकला, ऐकत राहिला. "म्हणजे मीच," एवढंच तो बोलला.

प्रकरण अपघाती मृत्यू म्हणून मिटलं. आम्ही पोलीस आधी वैर शोधतो, कारण ते चटकन सापडतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मी निघालो होतो. त्या घरात ना चोर होता, ना वैरी. दुसऱ्याची बदकं जपणाऱ्या माणसाच्या हातून त्याची बायको गेली होती.

काही दिवसांनी धाकट्याची माफी मागायला गेलो. तो बांधाजवळ खड्डा खणत होता. पंप धुतलेलं पाणी विहिरीपासून लांब जिरवा, असं शेतकी अधिकाऱ्याने सांगितलं होतं.

"अरे, हा तर तुमच्या भांडणाचा तुकडा ना?"

त्याने कुदळ थांबवली नाही. "विहिरीपासून सगळ्यात लांब हाच आहे, साहेब."