डबा चहातच संपावा

आभाळाकडे संशयाने बघणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आभाळाची झडती घेणारा माणूस एकच, माझ्या बायकोचे मामा. इतरांना वर ढग दिसतात. मामांना वारा दिसतो, आणि त्या वाऱ्यावर बसून जगाच्या दुसऱ्या टोकाच्या एखाद्या अणुस्फोटाची धूळ बदलापूरच्या मेथीवर येऊन उतरेल की काय, ही काळजी दिसते. नोकरीभर त्यांनी एका प्रयोगशाळेत हेच काम केलं. गावोगावचं गवत, माती, दूध आणायचं, भट्टीत त्याची राख करायची आणि त्या राखेत किरणोत्सर्ग किती ते मोजायचं. निवृत्त झाले तेव्हा यंत्र तिथेच राहिलं, काळजी मात्र मामा घरी घेऊन आले.

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात ते आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर राहायचे. कोबीची वरची पानं सोलायला बसले की सोलता सोलता लिंबाएवढा कोबी उरायचा आणि मामी तो निमूटपणे फोडणीला टाकायच्या. माझं लग्न ठरताना माझा पगार कोणी विचारायच्या आत मामांनी विचारलं, "तुमच्याकडे दूध कुठलं येतं?" आमचं तेव्हा उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये घर आणि पडद्यांच्या कापडाचं दुकान. मी ऐटीत सांगितलं, "डेअरीतलं." "आणि डेअरीत कुठून येतं?" मी म्हणालो, "टेम्पोतून." मुलगी मिळाली, पण मामांसाठी मी कायमचा 'टेम्पो' झालो.

त्यांच्या माळ्यावर दूध पावडरचा एक मोठा डबा कायम असायचा. त्याचं कारण त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. ती धूळ गवतावर पडते, गवत म्हैस खाते आणि म्हशीचं दूध पोरं पितात. म्हणून तशी वेळ आलीच तर म्हशींना झाकून ठेवलेला जुना चारा घालायचा आणि पोरांना आधीचं साठवलेलं दूध द्यायचं. वेळ कधी आली नाही. डब्याची मुदत संपायची तारीख मात्र दरवर्षी यायची आणि मग उल्हासनगर-अंबरनाथपासूनचे सगळे नातेवाईक चहाला बोलावले जायचे. चहाला ओल्या पुठ्ठ्याची चव. अंबरनाथच्या मावशींचा त्या दिवशी नेमका उपास निघायचा. मी जावई असल्यामुळे दोन कप प्यायचो. स्वतः मामा कोरा चहा घेत. भट्टीत जळणाऱ्या दुधाचा वास त्यांच्या नाकात असा बसला होता की दुधाचा थेंबही त्यांना चालत नसे. डबा पालथा करून ते समाधानाने म्हणायचे, "चहात संपला, टेम्पो, म्हणजे वर्ष बरं गेलं."

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. टीव्हीवर युद्धाच्या बातम्या चालल्या होत्या आणि मी गच्चीवर कुरडया राखत होतो, म्हणजे खात होतो. एवढ्यात वरून काळ्या-करड्या पापुद्र्यांसारखं काहीतरी तरंगत खाली यायला लागलं. कुरड्यांवर, माझ्या हातावर. माझं या विषयातलं सगळं शिक्षण मामांकडे झालेलं. मी कुरडया शर्टात गुंडाळल्या, जिना गाठला आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, 'आकाशातून राख पडत आहे. दूध-भाजी घेऊ नये.' वजन यावं म्हणून खाली जोडलं, 'तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार.' तज्ज्ञ त्या वेळी तळमजल्यावर घोरत होते.

संध्याकाळी शेजारच्या चामटोली गावच्या दूधवाल्या ताई स्कूटीला किटल्या लावून आल्या, तर भांडं घेऊन एकही माणूस खाली उतरेना. सेक्रेटरींनी गेटवरच सांगून टाकलं की उद्यापासून पिशवीचं दूध येईल, तुम्ही येऊ नका. ताईंच्या दोन म्हशी आणि सगळं घर आमच्या कॉलनीवर चालायचं. मी खांबाआड उभा होतो तरी त्यांनी मला बरोबर हेरलं. "मना सांगा भाऊ, माझी म्हस काय ढगान चरते?"

मी जाऊन मामांना उठवलं. खरं सांगायचं तर शाबासकीची आशा होती. मामा गुडघे धरत गच्चीवर आले, एक पापुद्रा चिमटीत चुरला, हुंगला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"टेम्पो, नदीपल्याड राब भाजलाय."

भाताची रोपं टाकायच्या आधी शेतकरी जमिनीच्या त्या तुकड्यावर फांद्या, पाला, शेण पसरून जाळतात, तो राब. एवढी वर्षं इथे राहून मला ते ठाऊक नव्हतं. शेतीशी माझा संबंध कोथिंबिरीच्या जुडीपुरता. "ती धूळ अशी डोळ्यांना दिसली असती," मामा म्हणाले, "तर मी जन्मभर यंत्रापुढे कशाला बसलो असतो? आणि राखेत पालाश असतो, पोटॅश. मुळांना तो पोटभर मिळाला की ती त्या धुळीतलं सीझियम कमी ओढतात. तू औषधाच्या नावाने बोंब मारलीस."

मी लगेच ग्रुपवर दुरुस्ती टाकली. त्यावर एकाने विचारलं, आता कुठले तज्ज्ञ?

मामा गच्चीवरून खाली उतरले. ताईंकडचं दूध मामींकडून उकळून घेतलं आणि पेला घेऊन गेटवर उभे राहिले. गॅलऱ्या भरल्या होत्या. मामांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशी चौकशी केली, चारा छपराखाली असतो का, पाणी बोअरचं का. ताईंनी वैतागून हो-हो केलं. मग मामांनी डोळे मिटले आणि पेला रिकामा केला. कोबीचीही उलटतपासणी घेणारा हा माणूस दूध प्यायला, हे कॉलनीने पाहिलं. पहिल्यांदा पातेलं घेऊन सेक्रेटरीणबाई उतरल्या, मागोमाग बाकीचे. पिशव्या रद्द झाल्या.

"चाऱ्यावर ताडपत्री घाल," मामा ताईंना म्हणाले. "आज काही नाही, पण घाल."

"घालीन मामा. या भाऊवर पण एक घाला."

घरात आल्यावर मामा दुधाचा वास जावा म्हणून लवंग चघळत बसले. मग म्हणाले, "भीती खरी आहे रे. म्हणूनच ती उगाच उधळायची नाही."

या वर्षी गुडघ्यांपायी मामा-मामी लेकीकडे नाशिकला गेले. डबा माझ्या माळ्यावर आला. ताईंच्या चाऱ्यावर निळी ताडपत्री आहे आणि रोज मापाच्या वर थोडं दूध 'मामांचं' म्हणून माझ्या पातेल्यात पडतं. परवा डब्याची तारीख आली, मी सगळ्यांना चहाला बोलावलं. चव तीच, ओला पुठ्ठा. पण अंबरनाथच्या मावशींचा उपास नव्हता, त्यांनी दुसरा कपही मागितला. तेवढ्यात मामांचा फोन आला.

"डबा फोडलास?"

"हो मामा."

"चहासाठीच ना?"

"चहासाठीच."

 मामा म्हणाले, "बरं झालं. नवा आणून ठेव."