लग्नाच्या चौकश्या करणारे नाना

नाना कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्याशी थबकायचे आणि यजमानाआधी दारातल्या चपला बघायचे. किती जोड, कुणाच्या टाचा झिजल्या, कुठली चप्पल घरातल्या कुणाच्याच मापाची नाही, हे पाहून झालं की मग नमस्कार. हवालदार म्हणून उभी नोकरी चोरांच्या मागावर काढलेला माणूस. वडील दौलताबादच्या बाजूला मेंढरं राखायचे, तेव्हा माग काढणं वर्दीच्या आधीपासूनचंच. निवृत्त झाल्यावर नानांनी सिडकोत एक खोली घेतली आणि लग्नाच्या चौकश्या करू लागले. मुलीचा बाप मुलाचं नाव-गाव देऊन जायचा आणि नाना पंधरा दिवसांत त्या मुलाची कुंडली मांडायचे, ग्रहांशिवाय.

मी पदवी घेऊन दोन वर्षं घरी बसले होते. पेपरातली जाहिरात बघून गेले आणि त्यांच्या हाताखाली लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी शिकवलं की शेजाऱ्याला कधी काही विचारायचं नाही. शेजारी एक तर भांडलेला असतो, नाही तर मिंधा असतो. विचारायचं ते पंक्चरवाल्याला आणि इस्त्रीवाल्याला. मी अहवाल लिहायला बसले की त्यांचं एकच पालुपद चालायचं, "बघितलं ते लिही, पोरी. वाटलं ते घरी ठिव." मला त्या वाक्याचा अगदी कंटाळा आला होता.

चितेगावच्या एका गृहस्थांनी मुलीच्या स्थळाची चौकशी दिली. मुलगा कारखान्यात सुपरवायझर, साखरपुड्याचा दिवसही धरलेला. मी त्याच्या मागावर राहिले. दर मंगळवारी, सुट्टीच्या दिवशी, घरी ओव्हरटाइमचं सांगून तो पडेगावला एका घरी जायचा. मागं-पुढं बघून आत शिरायचा, हातात खाऊची पिशवी. घरात एक तरुण बाई. हे सगळं मी रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. मला आणखी काय हवं होतं? नाना एका जुन्या खटल्यात साक्षीला कोर्टात गेले होते. तेवढ्यात मुलीच्या वडिलांचा फोन आला आणि अतिशहाणपणा करून मी सांगून टाकलं की मुलाचं बाहेर प्रकरण आहे. संध्याकाळपर्यंत लग्न मोडलं.

नाना मला ओरडले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. पुढच्या मंगळवारी भाड्याची खोली शोधत आल्याचं सांगून ते थेट त्या घराच्या ओट्यावर पाणी मागत बसले. मुलगा आला तसं आतून एक लहानगं पोर "मामा, मामा" करत त्याच्या पायांना बिलगलं. ती बाई त्याची सख्खी बहीण होती. नानांनी आपण कोण ते सांगितलं, तेव्हा बाकीचं कळलं: जातीबाहेर लग्न केलं म्हणून बापानं तिचं नाव टाकलं होतं, आणि भावकीतले चार जण धमक्या देत तिचा पत्ता हुडकत होते.

नाना मला घेऊन चितेगावला गेले. हात जोडून म्हणाले, "चौकशी चुकली आमची. पोरगं लई गुणाचं हाय. ती बाई कोण, ते मात्र मी सांगणार नाय." मग विश्वास कशावर ठेवायचा, असं मुलीच्या वडिलांनी विचारलं, आणि त्यांचंही चुकलं नव्हतं. बहीण आहे एवढं सांगितलं असतं तर लग्न पुन्हा जुळलं असतं, पण ती गोष्ट चार दिवसांत भावकीच्या कानावर गेली असती. नाना चहा न घेता उठले. परतताना मी रडत होते. बसमध्ये ते म्हणाले, "खरं हुडकणं आपलं काम. हुडकलेलं समदं वाटत फिरायचं नसतं."

त्यानंतर वर्षभर नानांनी भलताच उद्योग आरंभला. इतक्या वर्षांत पारखलेली चांगली घरं त्यांच्या डोक्यात होतीच; त्यातून ते त्याच मुलासाठी स्थळ बघू लागले. शेवटी वेरूळची एक शिक्षिका त्यांना पसंत पडली. मुलाला विचारून त्यांनी तिला एकटीला बहिणीचं सगळं आधीच सांगितलं. जो बहिणीला टाकत नाही तो मला कशाला टाकेल, म्हणून ती तयार झाली. लग्नात नाना वरपक्षाकडून फेटा बांधून मिरवले आणि जिलेबीवर आडवा हात मारला. त्यांना इतकं खुशीत मी कधीच पाहिलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. पोरकी झाल्यासारखं वाटलं मला, अजूनही वाटतं. तेरवीला तो मुलगा आणि त्याची बायको आली, सोबत बहीणही होती. मधल्या काळात बापानं तिला घरात घेतलं होतं. तिला मी प्रथमच जवळून पाहत होते. पंगत उठल्यावर तिच्याशेजारी जाऊन बसले आणि इतकी वर्षं मनात कोंडलेलं बोलून टाकलं, की भावाचं आधी ठरलेलं लग्न ज्या फोनवर मोडलं, त्या फोनवर मी बोलले होते.



"असं कसं, ताई?" ती म्हणाली. "नाना तर हात जोडून माझ्या दारात उभे राहिले होते. म्हणले, फोनवर मीच बोललो. उतारवयात घाई झाली माझ्याकडून."